गढ्याच्या थंडीत आर्टिचोक: काटेरी बोंडाची भाजी घरच्या अंगणात

पिझ्झावर तेलात मुरवलेले फिकट हिरवे तुकडे तुम्ही कधी खाल्ले असतील, तर आर्टिचोक तुमच्या पोटात जाऊन आलेला आहे. पण ताजा आर्टिचोक हातात घेतलेली माणसं आपल्याकडे थोडीच. मुठीएवढा हिरवा गोळा, त्यावर एकावर एक चढलेले जाड खवले, काही जातींत प्रत्येक खवल्याच्या टोकाला बारीक काटा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला प्रश्न पडतो, की ही भाजी आहे की हत्यार?

मोठ्या शहरांतल्या मॉलमध्ये कधीतरी दिसणारी ही महागडी भाजी जबलपूरच्या गढ्यात, एखाद्या घरामागच्या चार फूट जागेत उगवू शकते का? उत्तर ‘हो’ आहे, पण अटी आहेत. आणि त्या अटी पुण्या-नाशिकच्या, नागपूर-अमरावतीच्या आणि इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांनाही उपयोगी पडतील, म्हणून हा लेख.

करडईची चुलत बहीण

आधी नातं समजून घ्या, म्हणजे निम्मं काम सोपं होईल. आर्टिचोक हे सूर्यफुलाच्या कुळातलं, पण त्यातल्या काटेरी शाखेचं झाड. याच शाखेत आपली करडई येते. माळरानावर निळसर-पांढरे गोल काटेरी चेंडू धरणारी उटकटारीही याच शाखेतली. करडईचं बोंड डोळ्यांसमोर आणा, ते आठ-दहापट मोठं करा, काटे कमी करा आणि फूल उमलण्याच्या बरंच आधी कापा. झाला आर्टिचोक. म्हणजे आपण जे खातो ते फळ नाही, पानही नाही, तर न उमललेली कळी.

हे नातं नुसतं पुस्तकी नाही. करडई आपण रब्बीत घेतो, कारण तिला थंडी मानवते आणि साचलेलं पाणी अजिबात मानवत नाही. आर्टिचोकचं अगदी तसंच आहे. करडईवर मावा पडतो, आर्टिचोकवरही पडतो. तुमच्या घरात करडई लावलेलं कुणी वडीलधारं माणूस असेल, तर या परदेशी झाडाबद्दल त्यांचा सल्ला इंटरनेटपेक्षा जास्त कामाचा ठरेल.

एक घोटाळा मात्र टाळा. बियाणं शोधताना ‘जेरुसलेम आर्टिचोक’ असं नाव दिसेल. ते वेगळंच झाड आहे, सूर्यफुलाचं सख्खं भावंड. त्याचे आल्यासारखे दिसणारे कंद खातात. हिंदीत तर दोन्हींना हाथीचक म्हणून टाकतात, त्यामुळे दुकानदारही गोंधळतो. तुम्हाला हवा तो ‘ग्लोब आर्टिचोक’.

आणि या हाथीचक नावाची गंमत ऐका. अरबीत या भाजीला ‘अल-खर्शूफ’ म्हणत. ती अरबांबरोबर स्पेनमध्ये गेली आणि तिचं ‘अल्कार्चोफा’ झालं. इटलीत पोचेपर्यंत ‘आर्तिचोक्को’ झालं, इंग्रजांनी ‘आर्टिचोक’ केलं. साहेब ती भाजी आपल्या बंगल्याच्या बागेत लावू लागला आणि माळ्याने ऐकलं ‘हाथीचक’. हत्तीचा त्यात काहीही संबंध नाही. इंग्रजांच्या काळातल्या बागकामाच्या पुस्तकांत आर्टिचोक लावण्याच्या सूचना सापडतात. म्हणजे हिंदुस्थानच्या मातीला हे झाड अगदीच अनोळखी नाही. साहेब गेला, त्याच्याबरोबर ही भाजीही विस्मरणात गेली, इतकंच.

थंडी कशासाठी हवी?

आर्टिचोकच्या रोपाला थंडी ‘मोजता’ येते. कोवळ्या वयात काही आठवडे १० अंश सेल्सियसच्या खालची थंडी मिळाली, की रोपाच्या आत एक कळ दाबली जाते आणि मग ते कळी धरायच्या मागे लागतं. ही थंडी मिळालीच नाही, तर रोप नुसतं पानं वाढवत बसतं. सुंदर, रुपेरी-हिरवी, हातभर लांब पानं, पण एकही बोंड नाही. मुंबईत किंवा कोकणात कुणी हौसेनं आर्टिचोक लावला आणि वर्षभर पानंच पाहिली, तर दोष खताचा नसतो. तिथली जानेवारीतली रात्रही रोपाला थंडी वाटत नाही.

किती थंडी लागते, हे जातीवर अवलंबून आहे. ‘ग्रीन ग्लोब’ ही जुनी, सगळीकडे मिळणारी जात. तिला थंडी जास्त लागते आणि ती सावकाश चालते. ‘इम्पिरियल स्टार’ ही कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झालेली जात. बियांपासून लावून पहिल्याच वर्षी बोंडं देण्यासाठीच ती निवडली गेली. तिला साधारण २५० तास १० अंशांखालचे मिळाले तरी भागतं.

आता जबलपूरकडे या. समुद्रसपाटीपासून उंची सव्वाचारशे मीटरच्या आतच, पण समुद्र खूप लांब. त्यामुळे रात्री जमीन झपाट्यानं थंड होते. उत्तरेत हिमालयात बर्फ पडून तिकडचा वारा खाली आला, की पारा १० च्या खाली उतरतो आणि कडक थंडीच्या वर्षी चार-पाच अंशांपर्यंतही जातो. गढ्यात मदन महालाच्या टेकडीवरच्या मोठमोठ्या काळ्या शिळांना पहाटे हात लावून पाहा, म्हणजे ‘थंडी पडते’ याचा अर्थ कळेल! रात्रीचे सहा तास जरी १० च्या खाली धरले, तरी ४२ रात्रींत २५२ तास होतात. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून जानेवारीअखेरपर्यंत थंडी नीट पडली, तर गणित जेमतेम जमतं.

‘जेमतेम’ हा शब्द लक्षात ठेवा. थंडी कमी पडलेल्या वर्षी ते जमणार नाही. म्हणून काही बागकाम करणारे आधीच थोडी थंडी खात्यात जमा करून ठेवतात. बी रात्रभर भिजवून, ओलसर कोकोपीटमध्ये किंवा टिश्यूपेपरमध्ये गुंडाळून, डब्यात घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात दोन ते चार आठवडे ठेवतात आणि मग पेरतात. यानं हमी मिळत नाही, पण शक्यता वाढते. फ्रीजर नको हं. आणि डब्यावर नाव लिहा, नाहीतर घरातलं कुणीतरी साफसफाईत तो फेकून देईल.

बर्फाळ देशांची युक्ती, आपल्यासाठी उलटी करून

अमेरिकेच्या उत्तरेकडे किंवा कॅनडात हिवाळ्यात जमीन गोठते. हे झाड मूळचं भूमध्य समुद्राकाठचं, सौम्य हिवाळ्याचं. हलका पाला ते सोसतं, पण जमीन गोठली की मुळं सडतात. तिथले लोक मग दोनपैकी एक करतात. एक तर शरद ऋतूत झाड वीतभर उंचीवर कापून त्यावर पेंढ्याचा जाड थर देतात, वर टोपली उपडी घालतात आणि देवावर हवाला ठेवतात. किंवा सरळ त्याला एका वर्षाचं पीक मानतात. फेब्रुवारीत घरात दिव्याखाली रोपं करायची, वसंताच्या सुरुवातीच्या गार हवेत ती काही आठवडे बाहेर ठेवायची. रोपाला वाटतं, हिवाळा होऊन गेला. उन्हाळ्यात ते बोंडं धरतं.

म्हणजे चक्क रोपाला फसवायचं!

आपली अडचण नेमकी उलटी आहे. गढ्यात आर्टिचोक हिवाळ्यानं मरत नाही, तो मे महिन्यानं मरतो. पारा चाळिशी ओलांडतो, पानं करपतात, झाड झोपी जातं. त्यातून वाचलं तर जुलैत पाऊस येतो आणि झोपलेल्या झाडाची मुळं चिखलात कुजतात. कारण वेगळं असलं तरी उपाय तोच आहे: एका हंगामाचं पीक समजा आणि घड्याळ बरोबर लावा.

ते घड्याळ असं. गणपती-पितृपक्षाच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यावर, मोठ्या पावसाचा जोर ओसरला की बी ट्रेमध्ये पेरा, छपराखाली. दहा ते चौदा दिवसांत उगवण होते. नवरात्र-दसरा उलटेपर्यंत रोपांना चार खरी पानं येतात. दिवाळीच्या आसपास, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ती जमिनीत जातात. डिसेंबर-जानेवारीत थंडी खातात. फेब्रुवारीच्या शेवटी मधल्या दांड्यावर पहिलं बोंड दिसलं पाहिजे. मार्चअखेर काढणी संपली पाहिजे, कारण एप्रिलच्या उन्हात कळी दोन दिवसांत उघडते, खवले लाकडासारखे होतात आणि खाण्याजोगं काही उरत नाही.

या घड्याळात पंधरा दिवसांची चूक परवडत नाही. ऑक्टोबरअखेर पेरलं, तर थंडी पडेल तेव्हा रोप इतकं लहान असेल, की कळी धरेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असेल. तुमच्या गावी थंडी लवकर पडत असेल, उदाहरणार्थ निफाडकडे, तर तारखा आठवडाभर अलीकडे ओढा. नागपूर-अमरावतीकडे रात्री जबलपूरइतक्या गार होत नाहीत, तिथे फ्रीजची युक्ती जरूर करा.

खरी परीक्षा मातीची

जबलपूरच्या आसपासच्या सपाट शेतात माती काळी आणि चिकण. या मातीवर इथल्या शेतकऱ्यांनी ‘हवेली’ नावाची जुनी पद्धत बसवली होती. शेताला उंच बांध घालायचे, पावसाळाभर पाणी आत कोंडून ठेवायचं, ऑक्टोबरात ते सोडून द्यायचं आणि त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. पाणी धरून ठेवणारी माती हा गव्हासाठी आशीर्वाद. आर्टिचोकसाठी ती फाशी आहे. त्याला पाणी भरपूर लागतं, पण मुळाशी ते थांबलेलं चालत नाही.

गढा तर तळ्यांचंच गाव. गोंड राजांची ही जुनी राजधानी. संग्रामसागर, देवताल, सूपाताल ही नावं अजूनही पत्त्यांत येतात. तळ्याकाठच्या सखल वस्तीत राहत असाल, तर जमिनीत लावायचा विचारच सोडा, कुंडी किंवा उंच वाफा करा. टेकडीच्या बाजूला राहत असाल, तर माती मुरमाड असेल, निचरा आपोआप होईल, पण खत जास्त घालावं लागेल.

उंच वाफा म्हणजे जमिनीपेक्षा वीत-दीड वीत वर. त्यात निम्मी माती, बाकी कुजलेलं शेणखत आणि थोडी जाड रेती. एका झाडाला दोन घमेली शेणखत घाला, कंजुषी नको. हे झाड खादाड आहे. दोन झाडांत किमान तीन-साडेतीन फूट अंतर. लावताना रोप इवलंसं दिसतं आणि हात शिवशिवतो की मध्ये अजून एक लावू. लावू नका. जानेवारीत हेच झाड हात पसरून अख्खा वाफा अडवून बसतं. मोकळी जागा डोळ्यांत खुपत असेल, तर तिथे पालक किंवा मेथी टाका, झाड पसरेपर्यंत दोन वेळा भाजी निघते.

टेरेसवर लावायचं असेल, तर दीड फूट रुंद आणि तितकीच खोल कुंडी हवी. रंगाचा मोठा रिकामा डबा स्वच्छ धुऊन, तळाला भोकं पाडून चालेल. एका कुंडीत एकच झाड.

बियांच्या बाबतीत एक सांगून ठेवते. बियांपासून आलेली रोपं सगळी सारखी निघत नाहीत. काही खुरटी, काही फार काटेरी. म्हणून चार झाडं हवी असतील तर आठ बिया पेरा आणि कमजोर रोपं निष्ठुरपणे काढून टाका.

पाला आणि मावा

जबलपूर जिल्ह्याचं नाव आज ज्या भाजीनं देशभर गाजतं, ती म्हणजे मटार. ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत जबलपूरनं मटारच निवडला आहे. पाटण-शहपुऱ्याकडच्या मटार शेतकऱ्याला डिसेंबर-जानेवारीत एकच धास्ती असते: पाला. आकाश निरभ्र, वारा पडलेला, संध्याकाळीच हात गारठलेले, अशी रात्र आली की तो ओळखतो. मग शेताला हलकं पाणी देतो, कारण ओली जमीन कोरडीपेक्षा ऊब जास्त धरते. बांधावर धूर करतो.

तुमच्या आर्टिचोकची पानं असा हलका पाला सोसतील. कोवळ्या रोपांवर मात्र त्या रात्री जुनी चादर किंवा पोतं टाका आणि सकाळी ऊन आलं की काढा. संध्याकाळी हलकं पाणी द्या. बोंड लागल्यावर पाला पडला, तर वरच्या खवल्यांवर तांबूस-तपकिरी डाग येतात. घाबरू नका. ते सालीपुरतेच असतात, आतली भाजी चांगलीच राहते. कॅलिफोर्नियात तर असे डागाळलेले आर्टिचोक ‘पाल्याने चुंबलेले’ म्हणून विकतात आणि चवीला जास्त चांगले मानतात. व्यापाऱ्याची हुशारी, दुसरं काय!

थंडी ओसरू लागली की मावा येतो. पानांच्या मागे आणि बोंडाच्या खवल्यांत काळे-हिरवे ठिपके दिसू लागले, तर पहिल्याच दिवशी पाण्याचा जोरदार फवारा मारा, नंतर कडुनिंबाच्या तेलाचं पाणी. मावा एकदा खवल्यांच्या आत शिरला, की ते बोंड धुता धुता नाकी नऊ येतात. काढल्यावर अर्धा तास मिठाच्या पाण्यात उपडं ठेवलं, तर बरेच किडे बाहेर येतात.

कापायचं कधी, खायचं कसं

बोंड हातात दाबल्यावर घट्ट लागलं पाहिजे आणि खवले एकमेकांना चिकटलेले हवेत. खवले फाकायला लागले, की उशीर झाला. दोन-तीन इंच दांडा ठेवून कापा. मधलं बोंड सगळ्यांत मोठं. ते कापल्यावर बाजूच्या फांद्यांना लहान बोंडं येतात. पहिल्या वर्षी एका झाडाकडून पाच-सहा मिळाली तरी समाधान माना.

स्वयंपाकघरात लिंबू आधी कापून ठेवा. आर्टिचोक चिरला की कच्च्या केळ्यासारखा काळा पडतो. वरचा पाऊण इंचाचा शेंडा छाटा, बाहेरचे राठ खवले काढा, लिंबू चोळा आणि कुकरमध्ये थोड्या पाण्यावर वाफवा. मोठ्या बोंडाला मंद आचेवर दहा-बारा मिनिटं पुरतात. खालचा खवला सहज ओढून निघाला की शिजला. मग एकेक खवला काढायचा, लसूण-मिऱ्याच्या तुपात बुडवायचा आणि त्याच्या बुडाशी असलेला मऊ गर दातांनी ओढून घ्यायचा. शेवग्याची शेंग चोखता ना, तसंच. उरलेला खवला ताटाच्या कडेला. शेवटी आत एक केसाळ गुच्छ लागतो, तो चमच्यानं पूर्ण खरवडून टाका. तो घशात अडकतो. मुलांना देताना हे काम तुम्हीच करा. त्याच्याखाली असतो गाभा, मऊ, किंचित गोडसर-तुरट. सगळा खटाटोप त्या दोन घासांसाठी.

त्यानंतर पाणी पिऊन पाहा. गोड लागेल! आवळा खाल्ल्यावर लागतं तसं. आर्टिचोकमधल्या सायनारिन नावाच्या घटकाचा हा परिणाम जिभेवर काही मिनिटं राहतो.

रोममध्ये वसंतात आर्टिचोक, ताजे मटार आणि बाकल्याच्या शेंगांचे दाणे एकत्र शिजवून ‘विन्यारोला’ नावाची भाजी करतात. जबलपूरच्या घरात फेब्रुवारीच्या शेवटी मटार असतोच. जिरं-लसणीची फोडणी, गाभ्याचे तुकडे, मूठभर मटार, वरून लिंबू. भाकरीबरोबर छान लागते, आणि हे मी इटालियन माणसासमोरही म्हणेन.

आर्टिचोकमध्ये तंतुमय भाग भरपूर असतो, म्हणून पोटाला चांगला. पण एकदम दोन-तीन खाल्ले तर वात धरतो. पित्ताशयात खडे असतील, किंवा शेवंती-झेंडूच्या कुळातल्या झाडांची ॲलर्जी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

एकरभर लावावा का?

कुणी म्हणेल, एवढी महागडी भाजी, मग मटार काढून आर्टिचोकच लावू. माझं मत विचाराल तर, नको. मटार पिकवणाऱ्याला विकायची चिंता कमी, गाडी भरली की मंडी आहे. आर्टिचोक जबलपूरच्या मंडीत घेऊन गेलात, तर लोक बघायला जमतील, घ्यायला नाही. तो घेणारी मोठी हॉटेलं दूरच्या शहरांत आहेत आणि उष्ण मार्चमध्ये कळी ताजी ठेवून तिथवर पोचवायची, तर गारव्याची सोय हवी. आधी लेखी गिऱ्हाईक, मग पेरणी, हाच क्रम ठेवा. पहिल्या वर्षी वीस झाडं लावून आपल्या शेतात बोंड कधी येतं, किती येतं, त्याची वही ठेवा. अधारतालला जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आहे, १९६४ पासून. मातीची तपासणी आणि सल्ला यांसाठी तिथे जरूर जा.

याच शहरात देशाची तणांवर संशोधन करणारी संस्थाही आहे, खरपतवार अनुसंधान निदेशालय. ती इथे आठवायचं कारण म्हणजे आर्टिचोकचा रानटी भाऊ, कार्डून. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स डार्विन दक्षिण अमेरिकेत गेला, तेव्हा तिथल्या गवताळ माळांवर युरोपातून आलेल्या कार्डूननं कोसच्या कोस जमीन व्यापलेली त्यानं पाहिली. माणूस किंवा घोडा आत शिरू शकणार नाही इतकी दाट. आपल्याकडचा मे आणि जुलै असं होऊ देणार नाही, पण तरीही फुलं वाळून बी उडेपर्यंत झाडावर ठेवू नका.

एक बोंड मात्र मुद्दाम न कापता राहू द्या. एप्रिलच्या सुरुवातीला ते उमलेल आणि तुम्हाला वीतभर रुंदीचं, गडद जांभळ्या-निळ्या तंतूंचं फूल मिळेल. मधमाश्या त्यात अक्षरशः लोळतात. कोमेजू लागलं की कापून उलटं टांगून वाळवा, वर्षभर टिकतं.

मग झाडाचं काय? जमिनीतलं असेल तर एप्रिलअखेर उपटून कंपोस्टमध्ये टाका आणि वाफा पावसाळी भाजीला मोकळा करा. कुंडीतलं झाड वाचवून पाहता येईल. पानं पिवळी पडली की बुंध्यापासून चार बोटांवर कापा, कुंडी उत्तरेकडच्या भिंतीच्या सावलीत न्या, वर वाळलेल्या पानांचा थर द्या आणि माती पूर्ण सुकू नये इतपतच पाणी घाला. पावसाळ्यात कुंडी छपराखालीच राहू द्या. सप्टेंबरात बुंध्याशी दोन-तीन नवे कोंब फुटले, तर त्यांतला एक जोमदार ठेवा, बाकीचे मुळांसकट अलगद सोडवून वेगळ्या कुंड्यांत लावा.